जाहिरातीतली आई

कूलर सुरू झाला की आमच्या घराचा आवाज बदलत असे. ॲरिझोनातल्या चँडलर गावाच्या जुन्या भागातल्या त्या बैठ्या घराच्या छपरावर पत्र्याचा एक भलामोठा डबा बसवलेला होता. त्याच्या बाजूंना लाकडाच्या बारीक सालपटांच्या ताट्या, आत पाण्याचा पंप आणि पंखा. उन्हाळ्याच्या तोंडावर तो चालू केला की भिंतींतून एक जाड, ओलसर घरघर खाली उतरे आणि मग दिवाळीच्या आसपासपर्यंत आमची बोलणी, भांडणं आणि जेवणं त्या घरघरीच्या वरच्या पट्टीत चालत. बाबांच्या चिप कारखान्यातली बाकीची मराठी कुटुंबं नव्या वसाहतींत राहत, जिथे थंड हवा आवाज न करता येई. आमच्याकडे जेवायला आली की ती मंडळी छताकडे बघत आणि सौजन्यानं काही बोलत नसत. आईनं मात्र ते भाड्याचं घर त्या डब्यासाठीच पसंत केलं होतं. ती नागपूरची. ओल्या ताटीचा वास आला की तिच्या चेहऱ्यावरचा परकेपणा थोडा वेळ उतरून जाई.

ओफेलियामावशीशी आमची ओळख त्या डब्यामुळेच झाली. दर वर्षी उन्हाळ्याआधी ताट्या बदलाव्या लागत, आणि आमच्या पहिल्या वर्षी आई साडी खोचून शिडीवर चढलेली पाहून शेजारच्या कुंपणापलीकडून एक बाई ओरडली, "तुझा नवरा कुठे आहे?" आईनं वरूनच उत्तर दिलं, "ऑफिसात. त्याला जमत नाही." बाई इतकी मोठ्यानं हसली की आईही हसली. थोड्या वेळानं ती स्वतःचा पाना घेऊन आमच्या छपरावर होती, आणि दुपारनंतर आई तिच्या. पुढे तो दोघींचा रिवाजच झाला. मार्चच्या शेवटी एका रविवारी दोन्ही छपरं, मग आमच्या ओट्यावर जेवण. ओफेलिया गव्हाचे टॉर्टिया कपड्यात गुंडाळून आणी, आई झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा करी. ठेचा खाऊन ओफेलियाच्या डोळ्यांत पाणी येई आणि ती म्हणे, "सुमन, हे अन्न नाही, ही शिक्षा आहे." आईनं मला तिला मावशी म्हणायला लावलं होतं. या शब्दाचा अर्थ विचारून घेतल्यावर ओफेलिया माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होती, "मग तसंच म्हण."

ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावण्याचं काम करी. इंग्रजी उत्तम बोले. तिचा जन्मच इथला. पण तिची आई मेक्सिकोतून उतारवयात आली होती आणि ती सबंध दिवस टीव्हीसमोर बसलेली असे. केबल कंपनीची एक स्थानिक वाहिनी होती, तिच्यावर गावातल्या सूचना पडद्याच्या तळातून सरकत जात. आम्ही तिथे राहायला येण्याच्या आदल्या वर्षी आमच्या भागातल्या नळांचं पाणी दूषित झालं होतं. पाणी उकळून प्या, अशी सूचना त्या वाहिनीवर दिवसभर सरकत राहिली, फक्त इंग्रजीत. म्हातारी ती सूचना बघत बसली होती, हातात त्याच पाण्याचा पेला घेऊन. त्या पाण्यानं आलेल्या आजारातून ती उठली नाही. ओफेलियानं हे आईला सांगितलं तेव्हा मी भांडी पुसत होते. तिनं आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. "तिच्या डोळ्यांसमोरून गेलं ते सगळं," एवढंच म्हणाली, "आणि ती वाचत होती म्हणजे अक्षरांचे आकार बघत होती."

तेव्हापासून ती त्या कंपनीच्या मागे लागली होती. चर्चमधल्या काही बायका, एक निवृत्त शिक्षक आणि ती, अशी त्यांची समिती होती. त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. स्थानिक वाहिनीवर रोज एक स्पॅनिश बातमीपत्र असावं; ते करायला त्यांच्यातलं कुणी नेमावं; आणि कंपनीला फोन केला तर पलीकडे स्पॅनिश बोलणारं माणूस असावं. गावातली बरीच घरं त्यांची होती, केबलचे पैसे ती घरंही भरत होती, पण पडद्यावर त्यांच्यातला माणूस दिसायचा तो बेड्यांतला किंवा झाडू हातात घेतलेला. कंपनीचा गावाशी असलेला करार नव्यानं व्हायचा होता आणि त्यासाठी नगर परिषदेपुढे जाहीर सुनावणी ठरली होती. त्या सुनावणीत, सगळ्यांसमोर, कंपनीकडून शब्द घ्यायचा, यावर ओफेलियानं आपल्या सगळ्या संध्याकाळी, सगळे रविवार लावले होते.

आणि आई त्याच कंपनीच्या काउंटरवर कामाला होती.

यात कुणालाही काही विचित्र वाटत नसे. आई बिलं घ्यायची, बिघडलेले केबलचे डबे परत घ्यायची, चिडलेल्या गिऱ्हाइकांना खुर्ची द्यायची. बाबांना तिची नोकरी फारशी आवडत नव्हती, पण त्यांनी ते एकदाच सांगितलं होतं आणि मग विषय सोडला होता. ते पुण्याचे, न पटलेली गोष्ट पुन्हा न उच्चारणं हा त्यांचा निषेध असे. ओफेलियाच्या समितीबद्दल त्यांचं एक मत होतं तेवढं ते अधूनमधून मांडत. "त्यांचं बरोबर आहे, नाही असं मी म्हणत नाही. पण आपण त्यातले नाही. आपण या भानगडीत पडायचं नाही." शाळेत मला रोज कुणीतरी स्पॅनिशमध्ये हाक मारी आणि मी दर वेळी हळू आवाजात सांगे, "आय ॲम इंडियन." ॲरिझोनात इंडियन म्हणजे तिथले मूळ आदिवासीही, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला असे, कुठल्या जमातीची. मग मी आणखी हळू आवाजात आणखी काही सांगे. आज मागे वळून पाहताना वाटतं, आमच्या घरातला प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी आपण काय नाही हे समजावून सांगत होता, आई सोडून. तिला कुणी मेक्सिकन समजलं तर ती मान हलवून पुढचं बिल मागे. "समजू दे ना. त्याने काय होऊन राहिलं?"

एका वसंतात, ताट्या बदलून झाल्यावर, आई ओफेलियाला म्हणाली, "मला एक वाक्य शिकव. काउंटरवर म्हणायला. आम्ही तुमच्या सेवेला आहोत, असं." ओफेलियाला आनंद झाला. तिनं टॉर्टिया बाजूला ठेवला आणि शिक्षिकेसारखी ताठ बसली. "एस्तामोस पारा सेर्विर्ले." आईनं म्हटलं. ओफेलियानं डोकं हलवलं, "र वर जीभ नाचव. तू तर ठेचा खाणारी बाई, तुझी जीभ घाबरते कशाला?" दुपारभर ते चाललं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणे, भांडी घासताना म्हणे. संध्याकाळी तिला ते इतकं चांगलं जमलं की ओफेलियानं टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाली, "बघ मिहा, तुझ्या आईला शिकवलं तसं त्या कंपनीला शिकवायचंय मला." मिहा म्हणजे माझी मुलगी; ती मला तशीच हाक मारी.

काउंटरवर म्हणायला, असं आई म्हणाली ते खोटं नव्हतं. तिच्या साहेबानं, ग्लेन नावाचा तो उंच, सदा हसरा माणूस होता, तिला तेवढंच सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात काउंटरवर दिवे आले, कॅमेरा आला. तिची वेणी खांद्यावरून पुढे घेतली गेली, कपाळावरची टिकली काढून ठेवायला सांगण्यात आलं, कानांत सोनेरी बाळ्या घालण्यात आल्या. एका बाईनं तिच्या गालावर रंग लावला. आईनं घरी येऊन हे सगळं सांगितलं तेव्हा तिचा आवाज कूलरच्याही वर गेला होता. आरशाखेरीज तिला इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "टिकली का काढायला लावली?" आई म्हणाली, "दिव्यात चमकत होती म्हणे."

जाहिरात सुरू झाली. सगळ्या कार्यक्रमांच्या मधल्या जागेत, दिवसातून कितीदा तरी, माझी आई कानाला फोनचा हेडसेट लावून पडद्यावर यायची, वेणीवर हात ठेवायची, हसायची आणि म्हणायची, "एस्तामोस पारा सेर्विर्ले." खाली कंपनीचा फोन नंबर. मागे गिटार. फिनिक्सच्या मराठी मंडळात तर उत्सवच झाला. जोशीकाकूंचा फोन आला, "अगं सुमन, तू तर स्टार झालीस! आमच्या ह्यांनी व्हीसीआरवर रेकॉर्ड केलंय, पुन्हा पुन्हा लावतात. पण काय गं, ते काय म्हणतेस, तेलुगू आहे का?" आई हसून हसून खाली बसली. मंडळाच्या पुढच्या जेवणात तिला तीन घास जेवू दिलं नाही कुणी. मुलांनी तिला घेरून ते वाक्य म्हणायला लावलं. "से इट अगेन, काकू!" तीही म्हणत राहिली.

कुंपणापलीकडे मात्र शांतता होती. मी ओफेलियामावशीला अंगणात कपडे वाळत घालताना पाहिलं. हाक मारली. तिनं नेहमीसारखा हात वर केला, पण कुंपणापाशी आली नाही. आईनं त्या दिवशी डब्यात वडाभात घालून मला पाठवलं. ओफेलियानं डबा घेतला. दारातच उभं राहून तिनं मला विचारलं, "तिनं माझ्याकडून शिकून घेतलं ते यासाठी, हे तिला माहीत होतं?" मी म्हणाले, नव्हतं. ती म्हणाली, "बरं." मग जरा वेळानं, "मिहा, मी त्यांच्याकडे एक माणूस मागत होते. त्यांनी मला तुझी आई दिली."

मी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. आई कणीक मळत होती, तिचे हात थांबले नाहीत. "ती चिडली असेल. येईल," असं म्हणाली. पण ओफेलिया येण्याआधी लोक आले.

ते जाहिरात बघून येत. काउंटरपाशी रांगेत उभे राहून ते आईला ओळखत, त्यांचे चेहरे खुलत, आणि पुढ्यात येताच ते बोलायला सुरुवात करत. भरभर, मोकळेपणानं, इतके दिवस साचलेलं सगळं. ज्यांना येता येत नसे ते जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून तिला मागत. आईकडे एक वाक्य होतं. ते ती म्हणे, आणि ते इतकं सुरेख म्हणे की माणसं आणखी जोरात बोलू लागत. मग तिला हात वर करून इंग्रजीत सांगावं लागे की मला येत नाही. एके संध्याकाळी तिनं जेवण वाढलं नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. काउंटरवर एक म्हातारी आली होती, आई सांगत होती. म्हातारीच्या सोबत कुणी नव्हतं. बराच वेळ काहीतरी समजावत होती, मधेच रडली, पर्समधून एक औषधाची बाटली काढून दाखवली, पुन्हा बोलली. "मी तेच म्हटलं. आम्ही तुमच्या सेवेला आहोत. तिनं माझे हात धरले, वृंदा. मग तिला कळलं." आईनं पदरानं तोंड पुसलं. "ती केबलचं बोलतच नव्हती गं. तिला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि टीव्हीवर तिला मी दिसली."

बाबा म्हणाले, "ग्लेनला सांग, जाहिरात बंद कर म्हणून."

"सांगितलं. तो म्हणे सुनावणीपर्यंत चालू राहील. म्हणे, मलाही तिथे जायचंय, पहिल्या रांगेत बसायला."

"जाऊ नकोस."

"गेली नाही तर नोकरी जाईल."

"गेलीस तर?"

कूलर घरघरत राहिला. त्या दिवशी आम्ही तिघांनी भात-वरण उभ्याउभ्याच खाल्लं.

सुनावणीला मी आईबरोबर गेले. बाबा आले नाहीत. त्यांना कारखान्यात पाळी होती, किंवा त्यांनी मागून घेतली होती. सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला ओफेलियाची समिती, तिच्या मागे चर्चमधली कुटुंबं, मांडीवर मुलं, पुरुषांच्या हातात टोप्या. दुसऱ्या बाजूला कंपनीची माणसं आणि त्यांच्या पुढे, पहिल्या रांगेत, आई. तिनं जांभळी साडी नेसली होती आणि टिकली लावली होती. ग्लेननं ती साडी पाहिली तेव्हा त्याचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे हसले नाहीत. "सुंदर," तो म्हणाला, आणि जरा वेळानं, "अनपेक्षित."

ओफेलिया बोलली. तिनं आपल्या आईची गोष्ट सांगितली, जशी आमच्या स्वयंपाकघरात सांगितली होती तशीच, आवाज न चढवता. बातमीपत्राचं मागणं मांडलं, फोनवरच्या माणसाचं मांडलं. जाहिरातीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. पहिल्या रांगेतली बाई कोण आहे, कुठून आली आहे, हे त्या सभागृहात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एका वाक्यात ती कंपनीचं सोंग उतरवू शकली असती. तिनं आईकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईला वाचवत होती, हे मला खूप वर्षांनी नव्हे, तिथेच, त्याच वेळी कळलं. आईलाही कळलं असणार, कारण शेजारी बसलेल्या माझं मनगट तिनं घट्ट धरलं होतं.

मग ग्लेन उठला. कंपनीनं समाजाचं ऐकलं आहे, तो म्हणाला. आमच्या पडद्यावर आज कोणाचा चेहरा आहे हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. त्यानं हात पुढे केला. आई उभी राहिली. टाळ्या पडू लागल्या आणि ती खुर्चीकडे न वळता माईककडे चालत गेली.

"मी सुमन," ती तिच्या त्या अडखळत्या इंग्रजीत म्हणाली. "मी भारतातली, नागपूरची. मला स्पॅनिश येत नाही. एक वाक्य येतं, ते या बाईंनी मला शिकवलं. लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना मदत करू शकत नाही. तुम्ही यांच्यातलं माणूस ठेवा. मी ते माणूस नाही."

मला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. पण परिषदेच्या मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ चष्मा काढून हसले. प्रेमळ हसू होतं ते, त्यात काही दुष्टपणा नव्हता. "मॅडम," ते म्हणाले, "आपण सगळेच कुठून ना कुठून आलो आहोत. आपलं गाव विविधतेनं किती संपन्न आहे याचं याहून चांगलं उदाहरण नसेल." लोक हसले. पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. ग्लेननंही वाजवल्या. त्यानंतर मतदान झालं आणि करार मंजूर झाला. स्पॅनिश बातमीपत्राबाबत कंपनीनं विचार करावा, अशी शिफारस नोंदवण्यात आली.

खरं सांगितलं की काहीतरी घडतं, असं मला शाळेत शिकवलं होतं. त्या संध्याकाळी मी पाहिलं की खऱ्याचंही कौतुक करता येतं, आणि कौतुक करून ते बाजूला ठेवता येतं. पुढे आयुष्यभर मी चारचौघांत बोलायला कचरत आले. त्याचं कारण लोक माझा भिडस्त स्वभाव समजतात. मीही त्यांना दुरुस्त करत नाही.

बाहेर पार्किंगमध्ये ओफेलिया तिच्या गाडीपाशी उभी होती. आई तिच्याकडे गेली. मी मागे थांबले, पण ऐकू येत होतं.

"तू बोलायला नको होतंस," ओफेलिया म्हणाली. "आता ते तुला कामावरून काढतील."

"काढू दे."

"आणि तुझ्या जागी कुणी येणार नाही, सुमन. आमचं कुणी येणार नाही. ती जागाच राहणार नाही." ती गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "तुझा र मात्र आता चांगला आहे." हे तिनं हसत म्हटलं असतं तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

ओफेलिया म्हणाली तसंच झालं. आईला महिनाअखेर कामावरून कमी केलं. जाहिरात बदलली, नव्या जाहिरातीत माणूसच नव्हतं, टोपी घातलेला एक निवडुंग नाचत होता. बातमीपत्राचा विचार होत राहिला. पुढच्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी शेजारच्या छपरावरून खरवडल्याचा आवाज आला. आई शिडी काढून, पाना घेऊन, अंगणात उभी होती. वर ओफेलिया एकटीच जुनी ताटी ओढून काढत होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं. ओफेलियानं हात वर केला. आईनंही केला. कुणीच कुणाला बोलावलं नाही. दोघींत भांडण झालं नव्हतं, म्हणून ते मिटवताही येत नव्हतं. त्या वर्षी आमच्या ताट्या आईनं एकटीनं बदलल्या, आणि ओट्यावर बसून आम्ही झुणका पोळीबरोबर खाल्ला. आणखी दोन उन्हाळ्यांनी ओफेलिया घर विकून दक्षिणेकडे, भावाच्या गावी गेली. तिचा पत्ता आमच्याकडे होता. आईनं कधी काही पाठवलं नाही. काय पाठवायचं ते तिला सुचलं नसावं.

आता आई माझ्याकडे असते. घर नवं आहे, थंड हवा आवाज न करता येते, आणि आईला ते आवडत नाही. टीव्हीचं, इंटरनेटचं काही बिघडलं की कंपनीला फोन ती करते. मला रांगेत थांबवत नाही. मध्यंतरी माझ्या लक्षात आलं की काही बिघडलेलं नसतानाही ती फोन करते. स्पीकर लावून खुर्चीत बसते. यंत्र आधी इंग्रजीत स्वागत करतं, मग स्पॅनिशमध्ये सांगतं की स्पॅनिशसाठी दोन दाबा. आई दोन दाबते. गिटारचं संगीत वाजत राहतं. ती हात मांडीवर ठेवून, पुढे वाकून, शेवटपर्यंत थांबते.

परवा मी दारात उभी होते तेव्हा संगीत थांबलं आणि पलीकडून एका तरुण बाईचा जिवंत आवाज आला, जरा दमलेला, मागे इतर आवाजांची गजबज. तिनं नाव सांगितलं आणि शेवटी ते वाक्य म्हटलं. एस्तामोस पारा सेर्विर्ले. त्या बाईनं दोनदा विचारलं, कुणी आहे का. आईनं बोट पुढे करून फोन बंद केला.

"कुणाला फोन होता, आई?"

"कुणाला नाही. यंत्र आहे का माणूस आहे, ते बघत होती." तिनं चष्मा पुसला. "माणूस आहे. खरी बाई आहे, त्यांच्यातलीच."

मग ती जरा वेळ फोनकडे बघत बसली, जणू हे कुणाला तरी कळवायला अजून एक नंबर लावायचा होता.